पत्र्याच्या कुत्र्यांना मान

४ जानेवारी

ही वही नॅडीनने नाताळला दिली. "आई, रोज मनातलं लिहीत जा, मोकळं वाटेल." माझ्या मनात बरंच साठलंय असं तिला वाटतं. साठलंय खरं, पण त्यातलं निम्मं तिच्या बापाबद्दल आहे. म्हणून वही पिठाच्या डब्यामागे ठेवणार. स्वयंपाकघराच्या त्या बाजूला रेबर्न चाळीस वर्षांत फिरकलेला नाही.

तर मुद्द्याचं. १ मार्चला सकाळी दहा वाजता हे घर ओहायोच्या एका जोडप्याला विकायचं आणि सह्या करून शार्लटला निघायचं. नॅडीनच्या घराजवळ फ्लॅट बघितलाय. तिथून इस्पितळ चार मिनिटांवर आहे. इथून पन्नास मिनिटं लागतात, तीही वाटेत कुणाचा ट्रॅक्टर आडवा आला नाही तर.

इथल्या लोकांना मी वेडी वाटते. जॉर्जियातल्या या पाइन हॅमकमध्ये घर मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं थांबतात. एकेचाळीस घरं, दोन तळी, मैलोगणती रान, आणि लावे पक्ष्यांच्या शिकारीपलीकडे कुणाला दुसरा विषय नाही. रेबर्नला स्वर्ग याहून वेगळा असेल असं वाटत नाही. मलाही तक्रार नव्हती. पण सोळा नोव्हेंबरला तो आमच्या कुत्र्याला, डीकनला, घेऊन लाव्यांमागे गेला, रानातल्या कासवाने खणलेल्या बिळात त्याचा पाय गेला आणि उजव्या गुडघ्याचं वाटोळं झालं. ओढ्याकाठी फोन लागत नाही. तीन तास गवतात पडून होता. ते तीन तास मी घरी, जेवण गार झालं म्हणून त्याला शिव्या घालत बसले होते. त्या शिव्या अजून माझ्या घशात अडकल्या आहेत.

शोधायला गेले तेव्हा डीकन त्याच्या शेजारी उभा होता. गवतावर त्याची शेपटी दिसली म्हणून नवरा सापडला.

७ जानेवारी

डीकन सेटर जातीचा शिकारी कुत्रा. पांढरा, काळे ठिपके, चेहरा प्रवचनाला निघाल्यासारखा. फ्लॅटच्या इमारतीत मांडीवर मावेल एवढाच कुत्रा चालतो. डीकन मांडीवर बसला तर मांडी मोडेल.

इथल्या कुत्र्यांची शाळा क्लीव्ह चालवतो. त्याला विचारलं, आम्ही गेल्यावर डीकनला ठेवशील का. तो टोपी मागे सारून म्हणाला (इथे लग्न झालेलीलाही मिसच म्हणतात), "मिस लिओटा, नाक सोन्याचं आहे हो त्याचं. पण डोकं... अठ्ठावीस फेब्रुवारीला कुत्र्यांच्या स्पर्धेची हंगामातली शेवटची फेरी असते. तिच्यात नीट चालला तर मी स्वतः ठेवीन. नाहीतर मग कुणी घेणारा मिळतो का बघावं लागेल."

"कुणी घेणारा" म्हणताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

रेबर्न खुर्चीत, पाय स्टुलावर. म्हणाला, "मला जमलं असतं तर मीच तयार केला असता गं त्याला. पण हा गुडघा..."

म्हणजे झालं. जी बाई आयुष्यात कधी शिकारीला गेली नाही, तिच्या गळ्यात शिट्टी आली. कुत्र्याला बरं घर मिळावं एवढ्याचसाठी करते आहे.

९ जानेवारी

शाळेत बीजगणित शिकवून मी निवृत्त झाले. एकतीस वर्षं मुलांच्या थापा पकडल्या, त्यामुळे कुठे पाणी मुरतंय ते मला लगेच कळतं. डीकनचंही आज कळलं.

घरापासून रानाच्या तोंडापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात. आज एक तास पन्नास मिनिटं लागली. इथे प्रत्येक फाटकावर लोखंडी पत्र्याचा कापलेला शिकारी कुत्रा लावलेला असतो, एक पाय उचललेला, शेपटी ताठ. वस्तीचा नियमच आहे तसा. डीकन अशा प्रत्येक फाटकासमोर थिजून उभा राहायचा. ओढला तरी हलेना, हाका मारल्या तरी हलेना. शेवटी उचलून पुढे न्यायचा, की वीस पावलांवर पुढचं फाटक हजर.

क्लीव्ह पोट धरून हसला. मग समजावून सांगितलं. दोन कुत्री रानात असली आणि एकाला पक्ष्याचा वास लागून तो थबकला, तर दुसऱ्यानेही जिथे असेल तिथे थांबायचं. त्याला स्वतःला वास आला नसला तरी. याला ही मंडळी मान देणं म्हणतात. ज्याला मान देता येत नाही त्या कुत्र्याला इथे कुणी उभं करत नाही. रेबर्नकडे दुसरा कुत्रा नाही, म्हणून त्याने गॅरेजमध्ये पत्र्याचा कुत्रा उभा करून डीकनला हे शिकवलं.

"फार छान शिकवलं," क्लीव्ह डोळे पुसत म्हणाला. "आता तो जॉर्जियातल्या सगळ्या पत्र्याला मान देतो."

घरी येऊन रेबर्नला सांगितलं, तर म्हणतो, "संस्कारी आहे बिचारा."

१२ जानेवारी

रेबर्न डॉक्टरांकडे एकटाच गाडी घेऊन गेला. मी येते म्हटलं तर, "नको, तू डीकनकडे बघ." परत आला तो काठी टेकत, पण ओठांत शीळ घालत. डॉक्टर म्हणाले म्हणे, हंगाम संपेपर्यंत काठी सोडायची नाही आणि रानात पाऊल टाकायचं नाही. एवढी वाईट बातमी आणि माणूस शीळ घालतो! माझ्यासाठी उसनं अवसान आणतो, दुसरं काय. मला भरून आलं. पायऱ्या चढताना त्याचे हाल बघवेनात. लगेच नॅडीनला फोन करून सांगितलं, फ्लॅट तळमजल्यावरचाच हवा.

१६ जानेवारी

माझी युक्ती: उशांचे अभ्रे. भल्या सकाळी फिरून वाटेवरच्या अकरा फाटकांवरच्या कुत्र्यांना अभ्रे घातले. डीकन एकदाही न थांबता टपटप रानात पोचला. परत येताना अभ्रे काढायचे राहून गेले.

१७ जानेवारी

वेल्डा स्टॅलिंग्ज आली. समोरच्या घरात राहते, वस्तीच्या समितीची अध्यक्ष आहे आणि नेमबाजीत इथल्या सगळ्या पुरुषांना पाणी पाजते. हातात नोटीस. नियम चौदा: फाटकावरचं चिन्ह रस्त्यावरून स्पष्ट दिसलं पाहिजे.

"अगं लिओटा, आमचे पाहुणे फाटकावर भूत बसलंय म्हणून गाडीतून उतरेनात!"

"फुलाफुलांच्या अभ्र्यातलं भूत?"

"ते आणखीच भयानक दिसत होतं. आणि तो अभ्रा धुतला कधी होतास?"

मी तिला कॉफी दिली. तिने नोटीस बशीखाली ठेवली आणि दोन बिस्किटं खाल्ली. जाताना दारात घोटाळली. "तुम्ही खरंच जाणार का गं?" मी म्हटलं, तूच बघ ना त्याची अवस्था. ती काहीतरी बोलणार होती, मग रेबर्नकडे बघून गप्प बसली आणि घाईने निघून गेली. नोटीस विसरून गेली.

२३ जानेवारी

क्लीव्हचा सल्ला: "पत्र्याला खोटं पाडून दाखवा." म्हणजे डीकन थांबला की त्याला तिथेच ठेवून आपण फाटकाशी जायचं, पत्र्याच्या कुत्र्याला एक लाथ घालायची आणि काही उडालं नाही हे डीकनला बघू द्यायचं. कौतुक नाही, रागावणं नाही. मग पुढचं फाटक.

आज चौदा फाटकांना लाथा घातल्या. वेल्डा खिडकीतून बघत होती. तिच्या फाटकाला जरा जोरात बसली.

पायाचा अंगठा काळानिळा पडलाय. रेबर्नने शेकायला बर्फाची पिशवी दिली, आणि दुसरी स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर ठेवून बसला. शस्त्रक्रिया उजव्यावर झाली होती. दुखणं एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर सरकतं म्हणतात ते हेच असणार. म्हणजे आता दोन्ही गेले. मला रडू आलं. दुपारी जेवणघरातली भांडी खोक्यात भरायला घेतली.

भरताना बघून त्याचा चेहरा पडला, आणि संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त लंगडला.

३० जानेवारी

थंडी पडली आहे. डीकन पलंगावर झोपतो. फक्त थंडी आहे तोवर.

नवे बूट घेतले, कारण जुन्यांत पाणी जायचं. चार आठवड्यांसाठी बूट म्हणजे उधळपट्टीच, पण पायांनी काय पाप केलंय.

आज तीन तास फिरलो. दोन पुरले असते, पण कुत्र्याचं मन मोडवेना. पाइनच्या झाडांत उन्हाचे पट्टे पडले होते आणि हा नाक वर करून असा उभा राहिला, की मीही श्वास रोखला. पायाशी दहा-बारा लावे फर्रकन उडाले. मी घाबरून "अगं बाई!" केलं आणि एकटीच हसत सुटले. यात आवडण्यासारखं काही नाही, दचकल्यामुळे हसू येतं.

५ फेब्रुवारी

तळ्यातला भलामोठा मासा सिंकमध्ये. रेबर्न म्हणाला, क्लीव्हने दिला. मक्याच्या पिठात घोळवून तळला. झकास झाला होता. नंतर क्लीव्ह भेटला तेव्हा आभार मानले.

"कुठला मासा?" क्लीव्ह म्हणाला. मग म्हणाला, "हां, तो मासा! तो मासा, मिस लिओटा, होय होय." आणि एकदम कुत्र्यांना पाणी द्यायला धावला. दिलेलं विसरून जाणारा असा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

ओसरीवरचा गेलेला दिवाही कुणीतरी बदललाय. शिडीवर चढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. वेल्डाच्या नवऱ्याने बदलला असेल. किती भली माणसं आहेत इथली. यांना सोडून जायचं म्हणजे जिवावर येतं, पण रेबर्नकडे बघितलं की निश्चय पक्का होतो. आज खुर्चीतून उठताना तो इतका कण्हला, की मी ओहायोवाल्यांना फोन करून विचारलं, आठवडाभर आधी येता येईल का. नाही म्हणाले.

१२ फेब्रुवारी

डीकन बत्तीस फाटकांपर्यंत आलाय. नऊ राहिली. माझा अंगठा आता कशालाच घाबरत नाही.

घरी येऊन रेबर्नला सगळं सांगत बसले. कुठे थबकला, शेपटी कशी होती, वारा कुठून होता. बोलता बोलता बघितलं, तर तो गालातल्या गालात हसत होता.

"काय झालं?"

"काही नाही. तू वारा बघायला लागलीस."

"वारा सगळ्यांनाच लागतो."

"मग शार्लटमध्ये काय करशील सकाळची?"

मी ओट्याकडे वळले. त्याने काठी उचलली आणि डाव्या हातात धरून लंगडत बाहेर गेला. काल उजव्या हातात होती. हात दुखत असेल.

२१ फेब्रुवारी

एकेचाळीसही फाटकं! एकदाही थांबला नाही. वेल्डाच्या पत्र्याच्या कुत्र्यावर तर त्याने पाय वर केला. वेल्डा खिडकीतच होती. मी हात हलवला. तिनेही हलवला, पण सगळी बोटं वापरली असं वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या फेरी. परवा सह्या. घरभर खोकी. डीकन एका खोक्यात जाऊन बसलाय आणि निघायला तयार नाही. खोक्यावर मी स्वतःच्या हाताने 'स्वयंपाकघर' लिहिलं होतं. त्यावर काट मारली, आणि मग काय लिहावं ते सुचेना. मी जमिनीवर बसून खूप वेळ रडले. लिहिलंच पाहिजे म्हणून लिहिते: मला जायचं नाही. पण मला रेबर्न गवतात पडलेलाही नको आहे.

२८ फेब्रुवारी

क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आमची पाळी दुसरी होती. शिट्टी माझ्याकडे, बंदूक वेल्डाकडे, क्लीव्ह परीक्षक. बाकी मंडळी दोनशे पावलांवर, पलीकडच्या बांधाशी, खेचरगाडीत बसून बघत होती. त्यांत रेबर्न, गुडघ्यावर पांघरूण घेऊन.

डीकन सुरेख चालला. पहिला थवा बरोबर दाखवला. मग रान संपून जुन्या विश्रामगृहाची कड आली. तिथे चराच्या काठाला, उंच गवतात, एका खांबावर पत्र्याचा कुत्रा आहे. वस्ती वसवली त्या माणसाच्या कुत्रीची आठवण म्हणून लावलेला. वासराएवढा. त्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते.

डीकन त्याच्यासमोर थबकला. शेपटी ताठ, अंग थरथरतंय.

गाडीतून हसण्याचा लोट आला. वेल्डा हळूच म्हणाली, "गेली गं तुझी मेहनत." तिचं तोंड खरंच उतरलं होतं. क्लीव्हने वहीत बघायचं सोंग घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिने, एकेचाळीस फाटकं, एक अंगठा! मी तरातरा पुढे गेले आणि खांबाला लाथ घालायला पाय उचलला. तेवढ्यात खांबाच्या बुडातून वीसेक लावे एकदम फुटल्यासारखे उडाले. माझ्या तोंडावरून, कानाजवळून. मी एका पायावर होते. मागच्या मागे जी गेले ती थेट चरात.

वेल्डाने बंदूक खाली घेतली, मी मध्ये होते म्हणून. एवढं मला दिसलं. मग चिखल, वर आभाळ आणि आभाळात डीकनचं नाक. लागलं काही नव्हतं, पण श्वास कोंडला होता, त्यामुळे बोलता येईना. तेवढ्यात माझ्या नावाची आरोळी ऐकू आली आणि मी मान वळवली.

रेबर्न धावत येत होता. पांघरूण कुठे, काठी कुठे. बांधावरून त्याने उडी मारली. नांगरलेल्या पट्ट्यातून ढेकळं तुडवत, आमच्या लग्नाच्या वेळच्या चपळाईने धावत आला, चरात उतरला आणि चिखलात धपकन बसला. चेहरा पांढराफटक.

"लिओटा! लिओटा, बोल काहीतरी!"

मला श्वास मिळाला. म्हटलं, "तू गुडघ्यावर बसलायस."

त्याने खाली बघितलं. उजव्यावर. बर्फ डाव्यावर, काठी कधी या हातात तर कधी त्या, मासा, दिवा, शीळ, सगळं माझ्या डोक्यात ओळीने येऊन उभं राहिलं.

"कधीपासून?"

"बारा जानेवारी," तो म्हणाला.

मी मान वर केली. चराच्या काठावर आता सगळे गोळा झाले होते. क्लीव्ह टोपीचं अस्तर तपासत होता. वेल्डा आभाळ बघत होती. सगळ्यांना ठाऊक होतं! चाळीस घरांना ठाऊक होतं, एकेचाळिसाव्याला सोडून. मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. रानातले उरलेले लावेही बहुतेक त्यानेच उडाले.

परतताना मोटारीत आम्ही दोघंच. तो म्हणाला, "मला वाटलं, तू डीकनबरोबर फिरलीस की तुला इथलं सोडवणार नाही. मी बरा झालो असं सांगितलं असतं तर तू शिट्टी माझ्या हातात देऊन परत खोकी भरायला गेली असतीस."

"अरे गाढवा, मी खोकी भरत होते ती तुझ्या लंगडण्यामुळे! तू एक पाऊल धड टाकलं असतंस तर जानेवारीतच त्या ओहायोवाल्यांना नको म्हणून कळवलं असतं."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "मी जास्तच लंगडत होतो गं. तू भांडी भरलीस त्या दिवसापासून."

"माहीत आहे. म्हणून मी पुस्तकंही भरली."

मला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदम. तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून थांबला आणि माझ्या केसांतला चिखल काढत बसला. मी त्याला सांगितलं, तुला गवतात पडलेलं बघून माझं काय झालं होतं. आजवर सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "आज मला कळलं. दोनशे पावलांत कळलं." मग ठरवलं की यापुढे रानात एकट्याने जायचं नाही. त्यानेही नाही आणि मीही नाही.

घरी पोचलो तर पायरीवर क्लीव्ह. "मिस लिओटा, पत्रा समोर असताना पक्षी दाखवणारा कुत्रा मी जन्मात बघितला नाही. आजच्या फेरीत पहिला तोच. ठेवतो मी त्याला, आनंदाने ठेवतो."

"कोण देतंय तुला?" मी म्हटलं.

१ मार्च

ओहायोच्या बाईशी फोनवर मीच बोलले. तिने बरंच सुनावलं. मी सगळं ऐकून घेतलं, तिचं बरोबरच होतं. नॅडीन आधी ओरडली, मग विचारलं, तो फ्लॅट तिच्या सासूसाठी घेतला तर चालेल का. वेल्डाने पीकनचा केक पाठवला. वर चिठ्ठी: 'क्षमस्व. पण तू बुटाने माझं फाटक वाकवलंस, म्हणजे फिट्टंफाट.'

दहा वाजता, सह्यांच्या वेळी, आम्ही तिघं रानाच्या वाटेवर होतो. हंगाम संपलाय, बंदुका कपाटात, नुसतंच फिरायचं. डीकन पुढे. फाटकं मागे पडल्यावर रेबर्नने हात पुढे केला.

"दे आता शिट्टी."

"सकाळी डॉक्टरांना फोन केला होता," मी म्हटलं. "म्हणाले, पुढचा सबंध हंगाम शिट्टी वाजवू नका. गुडघ्याला चांगलं नाही."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"तुला काठी सोडू नको म्हणणारे, तेच डॉक्टर."

त्याने पाण्याची पिशवी खांद्याला लावली आणि निमूटपणे माझ्यामागून चालू लागला. मी मागे वळून बघितलं नाही. त्याची पावलं ऐकत राहिले, दोन्ही सारखी पडत होती.